दरवानाने दार का लावलं?

१

दुपारची जेवणं आटोपली आणि दरवान पुन्हा मेला. जाता जाता हॅम्बुर्गच्या एका दंतवैद्यालाही घेऊन गेला.

दंतवैद्य तसा धडधाकट होता. आपल्या दवाखान्यात कानाला हेडफोन लावून अरबीच्या तासाला बसला होता. पण रुदैना आत्याच्या लॅपटॉपवर तो दिसायला हवा होता, तिथे नुसतं एक चाक गरगरत राहिलं. आत्या त्या चाकाकडे टक लावून बघत बसली. मग उठली, जिन्याच्या तोंडाशी आली आणि तिने अशी काही हाक मारली की समोरच्या टेकडीवरच्या कबुतरांनी जागा बदलली.

"कुसै, खाली ये. आत्ताच्या आत्ता."

लुजैन गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. तिने टोपली तिथेच सोडली आणि दोन-दोन पायऱ्या एका दमात उतरत आली. गेल्या महिन्यात शाळेत मुख्याध्यापिकाबाईंच्या कपाटाची हरवलेली किल्ली तिने नुसत्या चार प्रश्नांत शोधून दिली होती, आणि तेव्हापासून जगात जे जे हरवतं, बिघडतं, अडकतं ते आपलीच वाट बघत असतं अशी तिची खात्री झाली होती. हे प्रकरण आपल्याकडे आलंय हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. कुणी सांगितलंही नाही.

दरवान हा माणूस नव्हता. तळमजल्यावरच्या मदाफ्यात, म्हणजे पाहुण्यांच्या मोठ्या बैठकीत, कॉफीच्या भांड्यांच्या कपाटाशेजारी एक काळा डबा होता, जुन्या कॉम्प्युटरचा बनवलेला. बाहेरचं नेट आधी त्याच्यात यायचं आणि मग तो ते तिन्ही मजल्यांना वाटायचा. वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर साधा फोटो पाठवायचा, तरी तो त्याच्याच हातून जायचा. बसवणाऱ्याने त्याला गेटवे सर्व्हर म्हटलं होतं. आजोबांनी ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे दरवान." तेव्हापासून तो दरवान.

आणि ईद झाल्यापासून हा दरवान मधूनच गोठायचा. दिवा लागलेला, पंखा फिरतोय, पण आत कुणाला घेईना. मग कुणीतरी वायर उपटायचं, परत लावायचं, आणि तो काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा कामाला लागायचा.

गुन्हेगार ठरलेला होता. लुजैनचा मोठा भाऊ कुसै कॉलेजात नेटवर्कचं शिकत होता आणि त्याच्या सरांनी घरच्या नेटवर्कचा स्कॅन करून आणायला सांगितलं होतं. स्कॅन म्हणजे घरातल्या एकेका यंत्राच्या एकेका दारावर टकटक करायची, कुठलं उघडं, कुठलं बंद ते बघायचं आणि पुढे पळायचं. ईदनंतर कुसैने जेव्हा जेव्हा स्कॅन केला, तेव्हा तेव्हा दरवान गोठला. शेवटी त्याने आजोबांना शब्द दिला होता की पुन्हा करणार नाही.

"शब्द देतो आणि मोडतो," आत्या म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "आज सहाला माझ्या तासांना निरीक्षक बसणार आहेत. तीन विद्यार्थी, एकामागून एक. त्यातला एक जरी तास बुडाला तर ते माझं नाव काढतील, तसं कळवलंय त्यांनी. आणि या पोराला आजच टकटक सुचते."

लग्न मोडून आत्या माहेरी परत आली, त्यानंतर कितीतरी महिने ती खोलीतून बाहेर पडत नव्हती. हे अरबी शिकवायचं काम लागल्यापासून ती सकाळी केस विंचरायला लागली, मोठ्याने हसायला लागली. आजी गेल्यानंतर त्या घरात झालेली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे आत्याची नोकरी. मोबाइलवरून तास घ्यावा तर त्या जाड दगडी भिंतींत मोबाइलचं नेट शिरत नव्हतं. सगळं त्या काळ्या डब्यावर होतं.

तेवढ्यात रस्त्याकडचं दार वाजलं आणि कुसै आत आला. खांद्याला बॅग, हातात पोळ्यांची पिशवी.

"मला कोण ओरडलं? भट्टीपर्यंत ऐकू आलं."

"तू कुठे होतास?"

"भट्टीवर. रांग केवढी होती माहितीये? लग्नघरवाले सगळा माल उचलत होते."

लुजैनने पिशवीला हात लावला. पोळ्या चटका बसेल इतक्या गरम होत्या. तिने त्याच्या बॅगेची चेन उघडली. लॅपटॉप आत होता, बंद, आणि दगडासारखा गार.

मग टकटक कोण करत होतं?

२

मदाफ्यात आजोबा आपल्या जागेवर बसले होते. सल्त गावात त्यांना सगळे अबू मुतलक म्हणत, आणि त्यांच्या मिशा बघितल्या की लोक आपोआप नीट बसत. खिडकीत त्यांचा टॅब्लेट उभा करून ठेवलेला होता आणि त्यातून कुणी म्हातारा कवी रबाबाच्या साथीवर काहीतरी लांबलचक गात होता.

"उपटा तो डबा आणि नेऊन टाका," आजोबा म्हणाले. "दरवान असा असतो? घरच्यांनाच बाहेर ठेवतो."

"मी उपटतेच," आत्या म्हणाली आणि वायरकडे वाकली.

"आत्या, हात लावू नकोस." लुजैनने तिचं मनगट धरलं. "जिथे घटना घडली तिथलं काही हलवायचं नसतं."

"अगं, घटना कसली? यंत्र बंद पडलंय."

"पाच मिनिटं दे मला."

"पाच मिनिटं म्हणते आणि संध्याकाळ करते," कुसै म्हणाला. "त्या किल्लीच्या वेळी सगळा वर्ग डब्याच्या सुट्टीत बसवून ठेवला होता हिने."

"किल्ली मिळाली की नाही?"

"मिळाली. तिच्या वर्गातली आपली चुलत बहीण भुकेली राहिली."

लुजैनने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. डब्यावर आत्याने विणलेलं लोकरीचं झाकण होतं, कडेला फुलं असलेलं. इथेच तर नाही ना गोम? उन्हाळा, वर लोकर, आत यंत्र, डोकं तापून बसलं असेल. तिने झाकण उचलून डब्याच्या पाठीवर तळहात टेकवला. डबा थंड होता. पंखा अगदी आरामात फिरत होता, जसं काही काम नसलेला माणूस पाय हलवत बसतो.

"उकाड्याने नाही झालं," ती म्हणाली.

"मी केव्हाचा सांगतोय, त्याचं नेटवर्क कार्ड गेलंय," कुसै म्हणाला. "जुनं आहे. जोर पडला की बसतं."

हेही पटण्यासारखं होतं. कार्ड बसलं की सगळं बसणार. लुजैन मांडी घालून डब्यासमोर बसली आणि विचार करायला लागली. मागे कवी गातच होता. कुणा घोडीचं वर्णन चाललं होतं, आणि ती घोडी काही संपत नव्हती.

"आजोबा, जरा आवाज कमी करता का? मला सुचत नाहीये."

आजोबांनी हात लांब केला, आणि लुजैन एकदम ताठ झाली.

"थांबा. हे रेकॉर्ड केलेलं आहे का?"

"रेकॉर्ड कशाला? रेडिओ आहे. कुवेतचा. सकाळपासून लावलाय."

"नेटवरून?"

"मग काय खिडकीतून?"

दरवान मेलेला होता. दंतवैद्य बाहेर अडकलेला होता. तिन्ही मजल्यांवर एक चाक सोडून काही हलत नव्हतं. आणि कुवेतचा म्हातारा त्याच मेलेल्या दरवानाच्या हातून आत येऊन घोडीवर गात होता.

३

"आजोबा, एकदाच बंद करून परत लावा."

आजोबांनी बंद केलं. परत लावलं. चाक गरगरायला लागलं. घोडीचा पत्ता नाही.

"गात्या माणसाचा गळा दाबलास तू, पोरी."

"दाबला, पण तो साक्ष देऊन गेला." लुजैन आता उभी राहिली होती, आणि ती उभी राहिली की हातवारे सुरू व्हायचे. "कार्ड गेलं असतं तर तोही गप्प झाला असता. जो आधीपासून आत बसला होता त्याला दरवानाने काही केलं नाही. उठून बाहेर गेला, तर त्याला परत आत घेतलं नाही. म्हणजे दरवान मेलेला नाही. तो नव्या कुणाला आत घेत नाहीये, एवढंच."

कुसैने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्या तोंडचं वाक्य लहान बहिणीने पळवलं की तो असंच करायचा.

"आता मला प्रत्येकाशी एकेकटं बोलायचंय," लुजैन म्हणाली.

"कशाला एकेकटं? सगळे इथेच तर आहोत."

"तशी पद्धत असते."

पद्धत असल्यामुळे कुसै आधी अंगणात गेला. तो अंजिराच्या झाडाखाली पायरीवर बसला होता, चेहरा पाडून.

"ईदच्या आधी तू स्कॅन करायचास?"

"ढीगभर. रोज संध्याकाळी. तेव्हा कुणाला पत्तासुद्धा नव्हता."

"आणि दरवान?"

"त्याला काय होतंय? ठणठणीत." तो पायाने खडा उडवत म्हणाला, "तेच मी सांगत होतो, तर कुणी ऐकलं? आत्याने सगळ्यांसमोर मला खोटारडा म्हटलं. मामांच्या घरी, मामांच्या समोर. आता मी काही सांगितलं तरी ते खोटंच."

म्हणजे टकटक जुनी होती. नवं काहीतरी ईदमध्ये झालं होतं.

आजोबांना विचारायला जरा धीर लागला. त्यांच्यासमोर लुजैनने चहा ठेवला, मैरमीयाची सुगंधी पानं घातलेला, आणि मगच विचारलं, "आजोबा, ईदच्या दिवसांत दरवानात कुणी काही बदल केला का?"

"मी त्या डब्याला बोटसुद्धा लावलेलं नाही."

"बरं. ईदमध्ये आणखी काही झालं होतं?"

"झालं ना." आजोबांचा कप मध्येच थांबला. "करकहून अबू दिरगाम आला होता मुक्कामाला. सत्तरी ओलांडलेला माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाचा फोटो बघायला फोन उघडला, तर फोन विचारतो, तुझं नाव काय, तू कोण. माझ्या घरात. माझ्या छपराखाली. आपल्यात पाहुण्याला तीन दिवस आणि वर एक तृतीयांश दिवस कुणी विचारत नाही की बाबा तू कोण, कशासाठी आलास. तो काही बोलला नाही, हसला. त्याचं ते हसणं मला अजून टोचतं."

लुजैनने मान हलवली. हे तिने ईदपासून निदान दहा वेळा ऐकलं होतं.

मग आत्या. आत्या आपल्या खोलीत घड्याळाकडे बघत, पदवीच्या वेळचं निळं जॅकेट इस्त्री करत होती.

"आत्या, आज कुसै घरात नव्हता. मग तोच करतोय हे तुला कशावरून वाटलं?"

"वाटलं नाही. मला दिसतं."

"कसं दिसतं?"

आत्या इस्त्री फिरवत राहिली. इस्त्री एकाच बाहीवरून तिसऱ्यांदा गेली.

"मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलंय. घरात कोण कोण नेटवर आहे, काय काय उघडं आहे, सगळं दाखवतं. लाल बटण दाबायचं. मी तास सुरू व्हायच्या आधी दाबते. म्हणजे तो काही करत असला तर पकडता येईल."

"आणि बटण दाबल्यावर काय होतं?"

"यादी येते. आणि थोड्या वेळाने नेट जातं. दर वेळी. म्हणून तर मला कळलं की तो तेव्हाच करत असतो."

लुजैनने आत्याचा मोबाइल घेतला आणि धावत अंगणात नेऊन कुसैच्या हातात दिला. त्याने पडदा वर-खाली केला, एकदा, दोनदा. मग तो पायरीवर आडवाच झाला आणि हसायला लागला.

"काय झालं?" मागून आलेली आत्या म्हणाली.

"आत्या," तो म्हणाला, "तू माझ्यापेक्षा भारी स्कॅन करतेस. मी एक मजला घेतो, तू तिन्ही झोडपतेस."

४

आत्याने मोबाइल त्याच्या हातातून काढून घेतला. तिचे कान मात्र लाल झाले, आणि ते तिला लपवता येईनात.

पण लुजैनला हे पुरत नव्हतं. टकटक करणारे दोघं निघाले, ठीक. पण ईदच्या आधीही टकटक होतीच. मग आताच दरवान का रुसतो?

वरच्या मजल्यावरचा जुना टीव्ही दोघा भावंडांनी खाली आणला आणि डब्याला जोडला. पडदा काळा झाला, मग उजळला. एकच ओळ खालून वर, खालून वर पळत होती, मुंग्यांच्या रांगेसारखी. कुसैने कीबोर्डची एक कळ दाबली, आणि डब्याने शांतपणे पासवर्ड विचारला.

"मेलेला माणूस पासवर्ड विचारत नाही," लुजैन म्हणाली.

"ती ओळ वाच," कुसै म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "तक्ता भरला, नवीन आलेल्याला बाहेर टाकत आहे. तेच तेच. दरवान कोण कोण आलंय त्याची आठवण ठेवतो ना, त्याला जागा ठरलेली असते. ती जागा भरलीये."

"हे तू आधी का नाही बघितलंस?"

"मला कुणी हात लावू देत होतं? पासवर्डसुद्धा नझीरकडे आहे."

नझीरचं दुकान गल्लीचा दगडी जिना संपतो तिथे, उताराच्या तळाशी होतं. मोबाइल, टीव्ही, डिश, सगळं तो बघायचा, आणि दरवान त्यानेच बसवला होता. लुजैन पोचली तेव्हा तो सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता.

"अबू मुतलकांच्या घरचा डबा? त्याला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "मला जे करायला सांगितलं ते मी केलं."

"कुणी सांगितलं?"

"डॉक्टर, न्हावी आणि मी, आम्ही नावं सांगत नाही."

"नाव नका सांगू, काका. काय केलंत तेवढं सांगा. आत्याची नोकरी जातेय."

नझीरने बी तोंडात टाकली, चावली, विचार केला.

"तुझ्या आत्यामुळे सांगतो. पूर्वी दारावर कुणी आलं, की दरवान त्याला मिनिटभर, फार तर दोन मिनिटं लक्षात ठेवायचा. गेला की विसरला. आता जो कोण येईल त्याला ऐंशी तास लक्षात ठेवतो, म्हणजे पुन्हा पुन्हा तू कोण असं विचारावं लागत नाही."

"ऐंशी कशाला?"

"माझंही तेच झालं. म्हटलं अठ्ठेचाळीस ठेवू, बहात्तर ठेवू, सुटसुटीत आकडा आहे. नाही. ऐंशीच पाहिजेत. मला काय, मी ऐंशी घातले."

लुजैन परत जिना चढायला लागली. ऐंशी. कुणाच्या डोक्यात असा आकडा येतो? शंभर येईल, पन्नास येईल. बहात्तर म्हणजे तीन दिवस, तेही येईल. बहात्तरच्या वर आठ. आठ तास म्हणजे…

ती मध्येच पायरीवर बसली. खालून येणाऱ्या भाजीच्या पिशव्यावाल्या बाईने तिला वळसा घातला आणि विचारलं की बरं नाही का. बरं होतं. फारच बरं होतं. आठ तास म्हणजे दिवसाचा एक तृतीयांश.

ती उठली, तशीच मागे वळून पळत खाली गेली आणि नझीरला म्हणाली, "काका, दुकान बंद करा. ज्यांचं नाव तुम्ही सांगणार नाही त्यांच्याकडेच जायचंय."

५

मदाफ्यात सगळे जमले. आजोबा त्यांच्या जागी, आत्या दाराशी, कुसै टीव्हीपाशी, नझीर पायातले बूट काढून अगदी कडेच्या गादीवर. घड्याळात सहाला थोडासाच अवकाश होता. लुजैन मधोमध उभी राहिली. या क्षणासाठी तिने जिन्यावरच वाक्यं ठरवली होती, पण आत्याचा चेहरा बघितला आणि ती सगळी वाक्यं सोडून दिली.

"आजोबा, या बैठकीत माणसं किती मावतात?"

"साठ. दाटीवाटीने सत्तर."

"समजा कुणी दारावर टकटक केली आणि पळून गेला, तरी तुम्ही त्याच्यासाठी एक गादी राखून ठेवली. तीन दिवस आणि वर एक तृतीयांश. मग दुसरा आला, टकटक करून पळाला, त्याचीही गादी राखली. असे हजारो आले. किती वेळात बैठक भरेल?"

आजोबांचा हात मिशीवर गेला आणि तिथेच राहिला.

"बैठक रिकामी आहे," लुजैन म्हणाली, "पण सगळ्या गाद्या अडलेल्या. जे आधीपासून बसले होते, तो तुमचा कुवेतचा कवी, ते बसलेत. आत्याचा विद्यार्थी दारात उभा आहे, आणि त्याला द्यायला जागाच नाही. दरवान बिघडलेला नाही आजोबा. त्याला जेवढं सांगितलं तेवढं तो इमानाने करतोय."

नझीर आपल्या पायमोज्यांचं निरीक्षण करत होता.

"मी डब्याला बोट लावलं नव्हतं," आजोबा म्हणाले.

"हो. मी विचारलं होतं बदल कुणी केला. तुम्ही मला बोटाचं उत्तर दिलंत."

कुसैने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. आजोबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग लुजैनकडे. पण तिने नजर खाली घातली नाही.

"नझीर," आजोबा म्हणाले, "तू शब्द पाळलास. आता मोकळा आहेस."

"मग ऐंशी तास काढून टाकू, अबू मुतलक?"

"नाही."

नझीर अर्धवट उठला होता, तो परत बसला.

"त्या दिवशी अबू दिरगाम हसला, तेव्हाच मी ठरवलं," आजोबा म्हणाले. "या दारावर आलेल्याला तीन दिवसांच्या आत कुणी विचारणार नाही. माणूसही नाही आणि डबाही नाही. हा नियम मी केलेला नाही, माझ्या आजोबांनीही केलेला नाही. तो मी माझ्या हाताने मोडणार नाही."

"मग माझी नोकरी मोडू दे," आत्या म्हणाली. ती ओरडली नाही. "आज वायर उपटून तासाला बसेन मी. उद्या काय? रोज उपटू?"

"उपटून भागायचं नाही," नझीर हळूच म्हणाला. "स्कॅन केला की लगेच भरतो, नाही केला तर बाहेरून रोज पडणाऱ्या टकटकीने दोन दिवसांत भरेल. पण भरेल नक्की."

म्हातारा माणूस खरंच अडचणीत सापडला होता. एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला उंबरा. लुजैनला वाटलं होतं की उत्तर सापडलं म्हणजे काम झालं. शाळेत किल्ली सापडली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. इथे उत्तर मधोमध पडलं होतं आणि कुणी त्याच्याकडे बघायला तयार नव्हतं.

"आजोबा," ती म्हणाली, "टकटक करून पळून जातो तो पाहुणा असतो का?"

"तो कसला पाहुणा? तो गल्लीतला कार्टा."

"मग माणूस पाहुणा कधी होतो?"

"हे काय विचारणं झालं?" आजोबा चिडून म्हणाले, पण सांगायला लागले, कारण या विषयावर ते न सांगता राहूच शकत नव्हते. "तो दारात येऊन सलाम करतो. मी म्हणतो, ये, तुझंच घर आहे. तो माझ्या सलामाला उलट उत्तर देतो आणि पाऊल आत टाकतो. तेव्हा तो पाहुणा. तिथून तीन दिवस मोजायचे."

नझीर गादीवरून उठलाच.

"एक मिनिट, एक मिनिट. यंत्रंसुद्धा हेच करतात. एक हाक देतं, दुसरं उत्तर देतं, पहिलं त्या उत्तराला उत्तर देतं, मग बोलणं सुरू होतं. आणि स्कॅनवाला बहुतेक ठिकाणी हाक देतो आणि पळतो. मी दोघांनाही एकच वेळ लावली, तिथे चुकलो. अर्ध्या सलामवाल्यांना अर्ध्या मिनिटात विसरायला लावतो. सलाम पुरा करून जो आत आला, त्याचे ऐंशी तास तसेच."

"पाहुण्याला विचारणार नाही ना?" आजोबांनी पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

"बिलकुल नाही."

"मग कर. मला वाटलं होतं तू आधीच तसं केलं असशील. दरवानाला एवढं कळू नये?"

नझीर कीबोर्डवर वाकला. त्याने पासवर्ड घातला, आकडे बदलले आणि अडलेल्या सगळ्या गाद्या रिकाम्या केल्या. मुंग्यांची रांग थांबली. पडदा स्वच्छ झाला.

"आता मी तासाला बसते," आत्या म्हणाली, आणि मग दारातूनच परत वळली. "नाही. आधी टकटक कर, कुसै. जोरात कर. मला भीती पोटात घेऊन शिकवायचं नाहीये."

"तूही कर," कुसै म्हणाला. "तुझी जास्त लागते."

त्याने लॅपटॉप उघडला. आत्याने लाल बटण दाबलं. हजारो टकटक त्या बिचाऱ्या डब्यावर पडायला लागल्या आणि सगळे आजोबांच्या टॅब्लेटकडे बघत राहिले. आजोबांनी बोट लावलं. चाक एकदा फिरलं, दुसऱ्यांदा फिरायला निघालं, आणि मध्येच एका बाईचा खणखणीत आवाज कुवेतचं हवामान सांगायला लागला. धुळीचं वादळ येणार होतं. इतकी आनंदाची बातमी त्या घराने कितीतरी दिवसांत ऐकली नव्हती.

सहाचे तास झाले. भिंतीपलीकडून आत्याचा आवाज येत राहिला, आधी थोडा घट्ट, मग मोकळा. पहिला विद्यार्थी गेला, दुसरा आला. दुसरा गेला, तिसरी आली, आणि ती काहीतरी चुकीचं बोलली तेव्हा आत्या मोठ्याने हसली. मदाफ्यात बसलेल्या चौघांनी ते हसणं ऐकलं आणि कुणीही दुसऱ्याकडे पाहिलं नाही. नझीरने निघतो म्हटलं, आजोबांनी बस म्हटलं, तो बसला.

आत्या बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कॉफीची सुरई होती, निळं जॅकेट अजून अंगात होतं.

"पुढच्या महिन्यापासून आणखी दोन विद्यार्थी देतायत," ती म्हणाली, जसं काही भाजीचा भाव सांगावा. मग तिने घाईघाईने कप भरायला घेतला.

पहिला कप आजोबांचा, हे त्या घरातलं लहान मूलही सांगेल. आत्या आजोबांपर्यंत गेली. आजोबांनी हाताने पलीकडे खूण केली. आत्या वळली, आणि पहिला कप तिने कुसैच्या हातात दिला.

कुसैने तो घेतला, आणि न पिता समोर जमिनीवर ठेवला.

मोठमोठ्या घराण्यांची माणसं मुलीला मागणी घालायला येतात, भांडण मिटवायला येतात, तेव्हा असाच कप खाली ठेवतात, आणि मागितलेलं मिळेपर्यंत त्याला हात लावत नाहीत. कॉलेजातल्या पोराने आपल्या आत्यापुढे असं करणं कुणी पाहिलं नव्हतं. नझीरने चावायचं थांबवलं.

"बोल," आत्या म्हणाली. "काय मागतोस?"

"मामांच्या घरी जाऊ आपण. शुक्रवारी," कुसै म्हणाला. तो जमिनीकडे बघत होता. "तिथे तू मला जे म्हणालीस ना, ते तिथेच मागे घे. बाकी काही नको."

आत्या तिथेच, त्याच्यासमोर, जॅकेटसकट जमिनीवर बसली.

"शुक्रवारी कशाला?" ती म्हणाली. "आत्ता जाऊ. तू कप उचल, गार होतोय."